मलेरिया निगेटिव्ह

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज ओपीडीत स्वतःच्या तापापेक्षा वाघाच्या तापाची चौकशी जास्त. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबरच्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल बर्ड फ्लूचा आला, एच५एन१. जनावरं आमच्याच बाजूची. माणसांशी संघर्ष वाढला म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातून पकडून तिकडे नेलेली. फार्मासिस्ट भाऊंनी पेपर काउंटरवरच पसरून ठेवला होता. एका आजीने केसपेपर पुढे करता करता विचारलं, "मॅडम, वाघाले बी सर्दी होते का जी?"

होते, आजी. मांजराच्या कुळाला हा विषाणू फार बाधतो. थायलंडमध्ये २००४ साली वाघांच्या एका प्राणिसंग्रहालयात कच्च्या कोंबड्या खाण्यातून रोग शिरला आणि शंभरावर वाघ गेले. काही मेले, काही मारावे लागले. आजीला तिच्या घरच्या कोंबड्यांची काळजी. म्हटलं, नीट शिजवलेल्या कोंबडीतून काही होत नाही. मेलेल्या कोंबडीला मात्र हात लावू नका, पोरांना लावू देऊ नका.

त्यात कर्नाटकात एचएमपीव्ही या श्वसनाच्या विषाणूची लागण झालेली मुलं सापडल्याची बातमी टीव्हीवर सकाळपासून फिरते आहे. उद्या मास्क मागणाऱ्यांची रांग लागणार. आजच्या रांगेत अंग मोडून आलेले, नाक गळणारे, घसा धरलेले कितीतरी जण होते. माणसांचा नेहमीचा फ्लू. त्यांच्यापैकी कुणीच आपल्याला काय झालं हे विचारलं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांत उलटली तरी झाडीपट्टीचा नाटकांचा हंगाम जोरात आहे. वडशाहून कंपन्यांच्या गाड्या सुटतात, गावोगाव शंकरपट, मंडई आणि रात्रभर नाटक. परवा आमच्या गावात होतं. थंडी कडाक्याची, म्हणून मंडप तिन्ही बाजूंनी ताडपत्रीने बंद. आत घोंगड्या-चादरी पांघरून मांडीला मांडी लावून बसलेली माणसं, पहाटेपर्यंत.

आज त्यातले बरेच जण इथे आले. थंडीने फ्लू होतो असं सगळे म्हणतात. थंडीत विषाणू जन्मत नाही, पण थंड कोरड्या हवेत तो जास्त वेळ टिकतो आणि थंडी माणसांना एका ताडपत्रीखाली आणून बसवते. एकजण खोकला, शिंकला, नाटकातल्या विनोदाला मोठ्याने हसला, की बारीक थेंब हवेत. आणि ताप चढायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला रोग देऊ लागतो, म्हणजे त्या रात्री ज्याने दिला तो धडधाकट दिसत असणार. लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत ताप. परवाची रात्र आणि आजची रांग, हिशेब बरोबर जुळतो.

सगळ्यांना एक सुई पाहिजे. सुईशिवाय औषध घेतल्यासारखं वाटत नाही. मी देत नाही, म्हणून संध्याकाळी ते सायकलवर फिरणाऱ्या सुईवाल्याकडे जातात आणि तो बहुधा स्टिरॉइड टोचतो. ताप उतरतो, माणूस खूश होतो, आणि आत फुप्फुसात काय चाललंय ते चार दिवस झाकून राहतं.

२७ जानेवारी, सोमवार

वैनगंगेच्या पलीकडे, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगलीत कोंबड्यांना बर्ड फ्लू निघाला. आजूबाजूचा परिसर सतर्क क्षेत्र जाहीर झाला आहे. नदी ओलांडली की आमचा गडचिरोली जिल्हा, त्यामुळे आमच्याही बैठका सुरू.

पशुधन खात्यातल्या मित्राशी रात्री फोनवर बोलले. हे काम त्याने पूर्वी केलेलं. नियम ठरलेला आहे: रोग निघालेल्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी मारायचे, दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. अंडी आणि खाद्यही नष्ट करायचं. खोल खड्डा, त्यात पक्षी, वर चुना, वर माती. अंगात पांढरा पोशाख, चष्मा, दोन-दोन हातमोजे. दुपारच्या उन्हात आत घामाच्या धारा. काम करणाऱ्यांना ऑसेलटामिवीर या फ्लूविरोधी औषधाच्या गोळ्या आणि पुढचे दहा दिवस रोज तापाची विचारपूस. तो म्हणाला, "फार्मवाल्याचं सोपं असते, तो हिशेब करून भरपाई मागतो. घरच्या चार कोंबड्यांचं कठीण. बाया खुराडं रिकामं दाखवतात अन् कोंबडी कोठीत लपवून ठेवतात."

लपवणारच. आमच्याकडे घरची कोंबडी बाईच्या मालकीची असते. धान नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर, कोंबडी तिची. पोराची वही, पाहुण्याची भाजी, देवाचा नवस, सगळं त्या खुराड्यातून निघतं.

मग इतका आटापिटा कशासाठी? एच५एन१ आज माणसाला सहजी लागत नाही. त्याला चिकटायला जी जागा लागते ती माणसाच्या नाकाघशात कमी आणि फुप्फुसात खोलवर जास्त असते. म्हणून लागला तर फार वाईट लागतो, पण एकाकडून दुसऱ्याकडे चटकन जात नाही. भीती पुढची आहे. फ्लूच्या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत पक्ष्याचा आणि माणसाचा असे दोन विषाणू शिरले, तर पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसावेत तसे तुकडे मिसळतात आणि कुणीच न पाहिलेला नवा डाव हाती येऊ शकतो. १९५७ आणि १९६८ च्या साथी अशाच मिसळणीतून आल्या. महाराष्ट्रात कोंबड्यांमधला एच५एन१ पहिल्यांदा निघाला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात. देशातलीही ती पहिलीच वेळ. तेव्हापासून तो जातो आणि येतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

रविवारला जोडून चंद्रपूरला मामांकडे. कोळसा खाणीतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण खाण छातीतून निवृत्त झालेली नाही. मध्यंतरी नातवाला दोन दिवस फ्लू झाला, तिसऱ्या दिवशी तो क्रिकेट खेळायला गेला. मामांना त्याच्याकडून लागला आणि ते पाच दिवस ऑक्सिजनवर होते. घर तेच, विषाणू तोच.

सकाळी गच्चीवर गेले तर धूर जमिनीला टेकलेला. औष्णिक केंद्राची धुराडी, सिमेंट कारखाने, खाणींची धूळ आणि वस्त्यांमधून पेटलेल्या कोळशाच्या शेगड्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत वरच्या क्रमांकावर होतं. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला अगदी बारीक केसांचं अस्तर असतं. आत आलेली घाण आणि जंतू ते सतत वर ढकलत असतं. धूर ते अस्तर लुळं करतो. फ्लू ते सोलून काढतो. मग घशात एरवी निमूट बसलेले जीवाणू खाली उतरतात आणि न्यूमोनिया होतो. फ्लूने मेलेली माणसं पुष्कळदा या दुसऱ्या पाहुण्याने मरतात.

मामांच्या डिस्चार्ज कार्डावर निदान होतं "जुना दमा बळावला." फ्लूचा उल्लेख नाही. त्यांची तपासणी दाखल केल्यावर उशिरा झाली आणि तोवर नाकात काही उरलं नसावं.

२५ मार्च, मंगळवार

मोहफुलांचे दिवस. पहाटेपासून सगळं गाव झाडाखाली. दहा वाजेपर्यंत ओपीडी ओस, त्यामुळे वाचन होतंय.

१९२१ च्या जनगणनेचे अहवाल आता इंटरनेटवर मिळतात. आपला हा सगळा मुलूख तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, चांदा जिल्ह्यात होता आणि गडचिरोली त्या जिल्ह्यातली एक तहसील. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर काम करणारे शिपाई तापाने आडवे झाले, तिथून साथ रेल्वेने आत सरकली. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली तिने माणसं कापली. मुंबईत ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ मृत्यूंची नोंद आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती मध्य प्रांतात पोहोचली आणि हा प्रांत देशातल्या सर्वांत जास्त मार बसलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. लोक त्या तापाला मानमोडी म्हणत.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. खरीप गेलं, धान्य महागलं, युद्धामुळे आधीच सगळ्याची टंचाई. अर्धपोटी माणसांत ती साथ शिरली. नेहमीचा फ्लू लेकरं आणि म्हातारे उचलतो. हा वीस ते चाळीस वयाच्या माणसांवर पडला, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. आजाऱ्याचं करणारी तीच, शेवटी जेवणारीही तीच. पुढच्या वर्षी जन्माचं प्रमाण घसरलं. पेरायला आणि कापायला हात नव्हते.

किती गेले? सरकारच्या आरोग्य आयुक्तांनी, नॉर्मन व्हाइट यांनी, सुरुवातीला साठ लाखांचा अंदाज केला. जनगणना आयुक्त मार्टेन यांनी तो सव्वा कोटीच्या आसपास नेला. पुढच्या अभ्यासकांचे आकडे एक कोटी चाळीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या एकाच दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. आकड्यांत इतका फरक पडण्याचं कारणही त्याच अहवालांत सापडतं. गावचा कोतवाल वहीत जन्ममृत्यू लिहून पोलीस ठाण्यावर नेई. मृत्यूचं कारण म्हणून त्याच्याकडे मोजके शब्द: पटकी, देवी, प्लेग, आणि बाकी सगळं "ताप." साथीत कितीतरी ठिकाणी वही नेणारेच आजारी पडले.

अकरा वाजता नव्वदीचे एक आजोबा गुडघे दाखवायला आले. सहज विचारलं, मानमोडीचं काही ऐकलं का? त्यांच्या आईने ती लहानपणी पाहिलेली. "माय सांगे, जंगल उश्याले, लाकूड पाहिजे तेवढं. पण तोडाले कोणी नाही, उचलाले कोणी नाही. मंग नदीत." एवढं बोलून ते गुडघ्यांवर परत आले.

२० मे, मंगळवार

लस आली, पण टोचायची कुणाला? गावात माणूस नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम आहे. भल्या पहाटे जंगलात, दुपारी पानं मोजून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन द्यायचे. वर्षाचा रोख पैसा या दोन-तीन आठवड्यांत हाती येतो. त्यात सुई टोचून घ्यायला कोण येणार? "उद्या अंग दुखलं तं?" हा प्रश्न रास्तच आहे, अंग दुखतंच.

राज्यात २०१५ पासून गरोदर बाया, मधुमेही, रक्तदाबवाले आणि दवाखान्यातले कर्मचारी यांना फ्लूची लस मोफत आहे, ऐच्छिक. ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते याचं लोकांना फार नवल वाटतं; पोलिओला तसं नाही, मग हिलाच काय झालं? विषाणू आपलं बाहेरचं रूप सतत थोडंथोडं बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते वाण घालायचे ते ठरवते. आपण नकाशावर उत्तरेत, पण आपला फ्लू पावसाळ्यात चढतो आणि हिवाळ्याच्या शेवटी पुन्हा थोडं डोकं वर काढतो. म्हणजे पावसाआधी घेतली तर उपयोग. टोचल्यावर अंगात तयारी व्हायला दोन आठवडे लागतात. वाण चांगले जुळले त्या वर्षी ती दवाखान्यात यायची वेळ शंभरातल्या चाळीस ते साठ जणांची टाळते. पूर्ण कवच नव्हे, पण गरोदर बाईसाठी तेवढंही पुष्कळ.

नव्या खोक्यांवर चारऐवजी तीनच वाण दिसू लागले आहेत. बी प्रकारातला यामागाता वंश मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलाच नाही. कोविडच्या बंदीत, मास्कआड, तो बहुधा संपला. दोन वर्षं तोंड झाकून आपण नकळत एक फ्लू मोडून काढला.

२२ जुलै, मंगळवार

रोवणे लागले. सकाळपासून झड. बांध्यांत गुडघाभर चिखल, बाया ओळीने वाकलेल्या, पाठीवर प्लास्टिकचे मोरे. पऱ्हे उपटणं, फेकणं, रोवणं. गुत्त्यावर काम, त्यामुळे ताप अंगावर काढायचा रिवाज. एक घरी बसली तर टोळीचा गुत्ता मागे पडतो, म्हणून टोळीच तिला सोडत नाही.

पावसाळ्यात गडचिरोलीत ताप म्हणजे आधी मलेरिया. राज्यातला मलेरियाचा मोठा वाटा एकट्या या जिल्ह्यातून येतो, तेव्हा ते बरोबरच आहे. आशाताई बोट टोचते, थेंबभर रक्त पट्टीवर, वीस मिनिटं थांबायचं. दोन रेघा उमटल्या की उपचार ठरलेला. एकच रेघ उमटली तर वहीत "मलेरिया निगेटिव्ह," हातात पॅरासिटामॉलची पट्टी आणि घरी. आजच्या वहीतली पानं चाळली. बहुतेक ओळींत तेच दोन शब्द. मलेरिया नाही हे कळलं. काय आहे हे कुणी लिहिलं नाही.

त्यातलीच एक दुपारी आली. सातवा महिना, तीन दिवसांपासून ताप, कोरडा खोकला, दोन दिवस रोवण्यात. पट्टी परवाच निगेटिव्ह आलेली. मोजले तर श्वास मिनिटाला तीस, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९३. गरोदरपणात पोट वर चढतं, फुप्फुसाला जागा कमी पडते, अंगाची प्रतिकाराची तऱ्हा बदलते. म्हणून फ्लू या बायांना जास्त छळतो, २००९ च्या साथीत ते जगभर दिसलं. केंद्र सरकारच्या सूचनांत फ्लूच्या रुग्णांचे अ, ब, क असे गट आहेत. अ गटाला, म्हणजे साध्या सर्दीतापाला, चाचणीही नको आणि खास औषधही नको, घरी आराम. ब गटात गरोदर, लहान लेकरं, म्हातारे, जुने आजारी; त्यांना अहवालाची वाट न पाहता ऑसेलटामिवीर सुरू करायचं. क गट दम लागलेल्यांचा, त्यांना तडक भरती. ही क मधली. पहिली ७५ मिलिग्रॅमची गोळी माझ्यासमोर गिळायला लावली, नळीने ऑक्सिजन लावला आणि रुग्णवाहिकेत बसवली. गोळी पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगली लागू पडते. तो वेळ टळून गेला होता, तरी अशा रुग्णाला द्यायचीच.

नवरा विचारत होता, "रोवणा संपवून नेलं तं चालन का?" सिस्टरने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो गाडीत चढला.

१३ ऑगस्ट, बुधवार

आश्रमशाळेतून सकाळी फोन. शनिवारी राखी झाली, पोरं गावाकडे जाऊन सोमवारी परतली, काल रात्रीपासून तापाची रांग. मुलींचं वसतिगृह म्हणजे एक लांब दालन, खाटेला खाट, खाली पत्र्याच्या पेट्या. पाऊस आत येतो म्हणून एका बाजूच्या खिडक्या बंद, डास येतात म्हणून दुसऱ्या बाजूच्या. सातवीतली एक मुलगी खाटेवर बसून मैत्रिणीची वेणी घालत होती. दोघींचे डोळे लाल, दोघींना ताप, आणि वेणीची रिबीन दातांत धरून ती खोकत होती.

सगळ्यांच्या पट्ट्या केल्या, सगळ्या निगेटिव्ह. पाच जणींच्या नाकाघशाचे नमुने घेऊन बर्फाच्या डब्यातून नागपूरला रवाना केले. मुख्याध्यापकांचा आग्रह होता की पोरांना घरी धाडून शाळा आठवडाभर बंद ठेवावी. मी म्हटलं, सर, आत्ता हा ताप एका दालनात आहे; उद्या तुमच्या एसटीने तो तीस गावांत जाईल, आणि त्या गावांत आज्या आहेत, ओल्या बाळंतिणी आहेत. लहान मुलांच्या नाकातून विषाणू मोठ्यांपेक्षा जास्त दिवस पडत राहतो. ठरलं ते असं: आजारी मुली वर्गखोलीत वेगळ्या, वारा येईल अशा खिडक्या उघड्या, मच्छरदाण्या लावलेल्या, खाटा उलटसुलट, एकीचं डोकं दुसरीच्या पायाकडे. पॅरासिटामॉल, पेज, पाणी. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही.

आणि एक यादी मागितली: सिकलसेलच्या मुली कोणत्या? गडचिरोली-चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार आदिवासी आणि इतर समाजांतही बराच आहे. अशा मुलीला फ्लू झाला तर फुप्फुसात रक्त अडकून छातीचं गंभीर दुखणं उभं राहू शकतं. यादीत तिघी निघाल्या, त्यातल्या एकीला ताप आणि छातीत दुखत होतं. अधीक्षिकाबाईंनी तिची पेटी स्वतः भरली. जिल्हा रुग्णालयात पोहोचल्याचा फोन आत्ता रात्री आला.

१८ ऑगस्ट, सोमवार

नागपूरचा अहवाल: पाचपैकी चार नमुन्यांत इन्फ्लुएन्झा ए, एच३एन२. सिकलसेलवाली मुलगी सुधारते आहे. आश्रमशाळेत नवीन ताप आज दोघींनाच.

भामरागडला असणाऱ्या वर्गमित्राला अहवाल सांगितला. त्याच्याकडेही तापाची गावं आहेत, पण पर्लकोटा नदीला पाणी चढलं की नमुना न्यायचा कसा आणि आजारी माणूस आणायचा कसा, हे दोन्ही प्रश्न त्याच्यापुढे एकदम उभे राहतात. त्याच्या माहेरघरात दिवस भरत आलेल्या बाया आधीच आणून ठेवल्या आहेत. पुराच्या भीतीने सोय उत्तम, पण आता त्यांच्यात एकीलाही खोकला नको म्हणून त्याने भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना ओसरीवरच थांबवलं आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा झाला, आज पहाटे मारबत. पोरं हाळ्या देत गल्लीतून गेली: गावातली सगळी पीडा, ढेकूण-डासांपासून खोकल्यापर्यंत, शिवेबाहेर न्यायची. खोकल्याचं नाव त्यात पूर्वापार आहे. निम्मी पोरं हाळी देता देता खोकत होती.

सातव्या महिन्यातली ती बाई परत आली, तपासायला. बाळाचे ठोके छान. तिच्या जागी टोळीत तिची जाऊ रोवणं करून गेली, गुत्ता पूर्ण झाला.

४ सप्टेंबर, गुरुवार

दहा महिन्यांचं बाळ. घरात आधी आजीला सर्दीताप, मग आईला, मग याला. आजी म्हणाली, "डब्बा झाला जी." बरोबर ओळखलं होतं. सदरा वर केला, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खचत होता. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजले: ६४. वर्षाच्या आतल्या बाळाला पन्नासच्या पुढे न्यूमोनिया धरायचा, वर्षावरच्याला चाळीसच्या पुढे, दोन महिन्यांच्या आतल्याला साठच्या पुढे. पोटावर चटके दिलेले नव्हते, एवढं नशीब. पहिला डोस, ऑक्सिजन, जिल्हा रुग्णालय.

श्वास मोजून गावातच उपचार करायची रीत याच जिल्ह्यात पारखली गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ५८ गावांत गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं आणि शेजारच्या ४४ गावांशी तुलना केली. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आलं: त्या गावांत बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी बसवलेली पाटी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलं की औषध. तिथे डॉक्टर नव्हता, एक्स-रे नव्हता. श्वास मोजला गेला म्हणून लेकरं वाचली.

या बाळाच्या कागदावर मी लिहिलं: "न्यूमोनिया, घरात फ्लूसारख्या आजाराचे दोन रुग्ण." दुसरा अर्धा मुद्दाम लिहिला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आशाताईंची मासिक बैठक. साप्ताहिक अहवालाच्या फॉर्मात फ्लूसारख्या आजाराचा रकाना आहे, वर्षानुवर्षं आहे. आमच्याकडून तिथे जाणारा आकडा इतका लहान की वरच्यांना वाटावं, जंगलातल्या लोकांना फ्लू होतच नाही. आणि जिथे फ्लू होत नाही तिथे लस कमी येते, गोळ्या कमी येतात, नमुन्यांच्या नळ्या तर येतच नाहीत. १९१८ च्या कोतवालाकडे लिहायला शब्दच नव्हता. आमच्याकडे शब्द छापलेला आहे.

तेव्हा ठरवलं ते सांगितलं. पट्टी निगेटिव्ह आली की दोन प्रश्न विचारायचे: खोकला आहे का, आणि ताप दहा दिवसांच्या आत सुरू झाला का. दोन्हीला हो असेल आणि ताप ३८ अंशांवर असेल तर "मलेरिया निगेटिव्ह" लिहून थांबायचं नाही, त्या रकान्यात खूण करायची. मग तिसरा प्रश्न: गरोदर आहे का, सिकलसेल आहे का, वय पासष्टच्या वर किंवा पाचच्या खाली आहे का. असेल तर त्याच दिवशी मला फोन.

मग विषय लसीचा निघाला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात गावोगाव सत्रं लावू. सगळ्या हसल्या. सर्वांत जुन्या आशाताईंनी बोटं मोजत मला वर्ष सांगितलं: "मार्च-एप्रिल मोहफुलं, तेवा नाही. मेमधे पत्ता, तेवाबी नाही. मृग लागला का पऱ्हे टाकाचे, मंग रोवणा. पत्ता संपला अन् मृग लागाचा हाय, मधात आठ-दहा दिवस बाया घरी भेटतात. माहेरी जातात, पैसा असते, लग्नं असतात. तेवा आणा."

फ्लू चढायच्या आधी दोन आठवडे मिळायला हवेत, ते त्या दिवसांत टोचलं तर सहज मिळतात. फ्लू आमच्याकडे चढतो जुलै-ऑगस्टमध्ये. मागणीपत्र आजच लिहून टाकलं: लस २५ मेच्या आत केंद्रावर पोहोचावी, सत्रं ७ जूनच्या आत संपतील. तालुक्याच्या साहेबांचा संध्याकाळी फोन आला, "सप्टेंबरात पुढच्या मेची मागणी?" म्हटलं, हो, आणि सोबत रकान्यातले आकडेही पाठवत जाईन, दर आठवड्याला.